करवंटीचा कोळसा, काथ्या आणि गाडीचा धूर : वाचकांचे प्रश्न

करवंट्या, काथ्या, भाताचा तूस, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या असल्या फुकटच्या मालातून गाडीचा धूर गाळता येईल का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं नाशिक परिसरातून आली आहेत. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. पहिलं उत्तर थोडं लांबलं आहे, पण कोळशाचं जे गणित त्यात आहे तेच पुढच्या उत्तरांनाही लागू पडतं, म्हणून ते वगळू नये.

प्रश्न : माझं सातपूरला दुचाकींचं गॅरेज आहे. दोन-तीन गिऱ्हाइकांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. स्टीलच्या जाळीच्या पुडीत करवंटीचा कोळसा आणि काथ्या भरून ती सायलेन्सरच्या तोंडात बसवतात. त्यामुळे पीयूसीचा आकडा उतरतो म्हणे. करून द्यावं का?
– गॅरेजचालक, सातपूर

उत्तर : देऊ नका. आकडा उतरत असेलही, पण धूर साफ झाल्यामुळे नव्हे. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये साधारण ३० सेंटिमीटर आत गेली पाहिजे. पुडी आडवी आली की नळी तोंडाशीच अडकते आणि बाजूने बाहेरची हवा ओढते. पाचातला एक भाग हवा मिसळली, तर २.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड मशीनवर २ टक्के दिसतो. गाडी तीच, धूर तोच, फक्त नमुना पातळ झाला.

आता खुद्द कोळशाचं बघू. १ लिटर पेट्रोल जळायला साधारण ११ किलो, म्हणजे ९ घनमीटर हवा लागते. ११० सीसीची स्कूटर ताशी ४० किलोमीटरने चालली आणि लिटरला ४५ किलोमीटर देत असली, तर मिनिटाला १३०-१४० लिटर हवा इंजिनातून जाते. सायलेन्सरमध्ये तापून तिचा आकार जवळपास दुप्पट होतो. पुडीत २०० ग्रॅम कोळसा मावला, तर त्याची जागा ४०० मिलिलिटर. म्हणजे धूर त्या कोळशात सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळ थांबतो. गाळायला वेळ लागतो, आणि तोच इथे नाही.

दुसरी अडचण पाण्याची. १ लिटर पेट्रोल जळलं की सुमारे १ लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. डिसेंबरात सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून थेंब गळतात ते हेच. कोळशाच्या छिद्रांत आधी हे पाणी जाऊन बसतं, त्यावर काजळी चिकटते आणि आठवडाभरात पुडीचा चिखल होतो. गाडी तापल्यावर तोच चिखल वाळून डांबरासारखा घट्ट बसतो. धुराला वाट उरली नाही की इंजिन गुदमरतं, पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागतं. कार्बन मोनॉक्साइड कमी करायला गेलो आणि तोच वाढवून बसलो, अशी गत होते.

मुळात कार्बन मोनॉक्साइड कोळशाच्या हाती लागत नाही. तो उणे १९१ अंशांना द्रव होणारा वायू आहे, आपल्याकडच्या तापमानाला तो कोळशावर टिकतच नाही. बेंझिन, टोल्युइन यांसारख्या जड वाफा कोळसा धरतो, पण थंड असताना. गरम झाला की धरलेलं सगळं परत सोडतो. म्हणून गार गाडीवर पहिल्या मिनिटाला एचसीचा (हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा) आकडा खरोखर खाली येऊ शकतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काथ्याचं तर बोलायलाच नको, २००-२५० अंशांपासून तो करपू लागतो. शिवाय रस्त्याच्या हादऱ्यांनी कोळशाचा चुरा होऊन मागच्या माणसाच्या नाकात जातो. म्हणजे धूळ गाळायला बसवलेली वस्तूच धूळ ओकते.

हे काम करणारी वस्तू गाडीत आधीच आहे : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. चिनी मातीच्या किंवा धातूच्या, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो. तो २५०-३०० अंशांच्या वर गेला की कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकतो. कोळशाला गारवा हवा आणि कन्व्हर्टरला उष्णता, दोघांची जोडी जमणं शक्य नाही. इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये पाइप कापून कोणी काही बसवलं, तर आणखी एक घोटाळा होतो. जोडातून हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो.

गिऱ्हाइकाला सांगायचं ते असं : पीयूसीआधी गाडी दहा मिनिटं चालवून आणा, गार कन्व्हर्टरवर आकडा चढाच येतो. एअर फिल्टर उन्हाकडे धरून बघा. प्लग काळा-कोरडा असेल तर मिश्रण दाट आहे. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत आयडलचा मिश्रण स्क्रू मशीन लावूनच फिरवा, कानाने नको. टॅपेटची फट पुस्तिकेप्रमाणे ठेवा. आणि सायलेन्सरला भोक पडलं असेल तर आधी ते बुजवा. कायद्याचंही एक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल परस्पर करता येत नाहीत. दंड गाडीमालकाला होतो, पण बोट तुमच्या गॅरेजकडे दाखवलं जाईल.

प्रश्न : आम्ही तिघी अकरावीत आहोत. विज्ञान प्रदर्शनासाठी करवंटी, भाताचा तूस आणि द्राक्षाच्या काड्या यांच्या कोळशाची तुलना करायची आहे. प्रयोग कसा मांडावा? बाईंनी सांगितलंय, 'नुसतं मॉडेल नको, आकडे हवेत.'
– तीन विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. आणि गाडीवर बसवण्याऐवजी टेबलावर, थंड आणि संथ धुरावर प्रयोग केलात, तर या कोळशाचं खरं काम दिसेल.

आधी कोळसा. करवंट्यांची शेंडी आणि आतला खोबऱ्याचा अंश खरवडून काढा, तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. ५ लिटरचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला नको, त्याच्या वाफा विषारी असतात. आतला रंग-लॅकर जाण्यासाठी डबा एकदा रिकामाच भाजून घ्या. झाकणाला ३-४ मिलिमीटरचं एकच भोक पाडा, दीड किलो तुकडे भरा आणि डबा लाकडांच्या विस्तवात ठेवा. मोकळ्या जागेत, मोठं माणूस सोबत असताना. आधी पांढरी वाफ येते, मग पिवळट धूर, आणि तो भोकाशी पेट घेतो. ही ज्योत आपोआप विझली की आतलं काम झालं. भोक ओल्या मातीने बुजवा, डबा बाहेर काढा आणि रात्रभर उघडू नका. सगळ्यात जास्त कोळसा इथेच वाया जातो. कोमट वाटला म्हणून झाकण काढलं, की आत हवा शिरते आणि पाहता पाहता कोळसा पेटून राख होतो.

दीड किलोचा ४०० ग्रॅमच्या आसपास कोळसा मिळाला तर भट्टी नीट लागली. तुकडा फरशीवर टाकला की खणखणीत वाजला पाहिजे. मोडल्यावर आत तपकिरी रेघ दिसली तर तो कच्चा आहे, त्यातून डांबराचा वास येत राहील आणि तुमचा फिल्टरच धूर सोडेल. काड्यांचा कोळसा लवकर होतो पण मऊ असतो, हाताळतानाच चुरा होतो. काड्यांवर बोर्डो मिश्रणाचं मोरचूद आणि गंधक असतं, म्हणून आधी दोन पाण्यांनी धुवा. तुसात १५ ते २० टक्के राख, आणि तीही बहुतेक सिलिका. कोळसा केल्यावर हे प्रमाण दुपटीच्या घरात जातं. म्हणजे वजन सारखं घेतलं तरी तुसात कार्बन कमी. तक्त्यात ही नोंद करा, परीक्षक नेमकं हेच विचारतील.

एक गैरसमज आत्ताच काढून टाकू. हा नुसता कोळसा आहे, 'ॲक्टिव्हेटेड कार्बन', म्हणजे बारीक छिद्रं पाडून शोषणशक्ती वाढवलेला कोळसा, नव्हे. त्यासाठी ८०० ते १००० अंशांवर वाफ द्यावी लागते किंवा फॉस्फरिक ॲसिडसारखी रसायनं वापरावी लागतात. लिंबाच्या रसात भिजवल्याने ते होत नाही. बाजारातून करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन पाव किलो आणा आणि चौथा नमुना म्हणून मांडा. कोणता कोळसा किती शोषतो हे बघायला सोपी चाचणी आहे : प्रत्येकी २ ग्रॅम चूर्ण, १०० मिलिलिटर पाणी, त्यात टिंक्चर आयोडिनचे दहा थेंब. दहा मिनिटं हलवा, गाळा, चार ग्लास पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवा. फिका रंग म्हणजे जास्त शोषण.

आता नळी. ५० मिलिमीटर आतल्या व्यासाचा, ३० सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप. कोळसा गव्हाच्या चाळणीतून खाली पडलेला आणि रव्याच्या चाळणीवर राहिलेला घ्या, म्हणजे साधारण २ ते ४ मिलिमीटरचा. काळं पाणी येईनासं होईपर्यंत धुवा, ११० अंशांवर दोन तास वाळवा. पाइपात १५ सेंटिमीटरचा थर भरा, करवंटीचा असेल तर दीडशे ग्रॅमच्या आसपास बसतो. भरताना पाइप ठोकत राहा. सैल भरलं की धूर कडेने सरळ निघून जातो आणि फिल्टर 'नापास' होतो. तुसाचं हे नेहमीचं दुखणं. दोन्ही टोकांना जाळी आणि १ सेंटिमीटर काथ्या. काथ्याचं काम फक्त कोळसा जागेवर धरायचं आहे. त्याच्या एकेका धाग्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असते आणि डिझेलच्या काजळीचा कण त्याच्या हजारपट बारीक. शेवाळी गाळायला मासे पकडायचं जाळं लावावं, तसा प्रकार.

धूर ओढायला पंप लागत नाही. २० लिटरचा, खाली तोटी असलेला पाण्याचा जार भरा, झाकणातून एक नळी फिल्टरला जोडा, बाकी सगळं मेणाने हवाबंद करा. तोटी सोडली की जेवढं पाणी बादलीत पडेल तेवढाच धूर फिल्टरमधून ओढला जातो. मिनिटाला २ लिटर पडेल अशी तोटी ठेवा. जार रिकामा होत जाईल तशी धार मंदावते, म्हणून अधूनमधून थोडी जास्त उघडायची. या वेगाला धूर कोळशात जवळपास ९ सेकंद राहतो. स्कूटरच्या सायलेन्सरमधल्या वेळेशी तुलना करून बघा, निम्मं भाषण तिथेच तयार होईल. फिल्टर आणि जार यांच्यामध्ये पांढरा फिल्टर पेपर बसवा. काजळीचा डाग त्यावर उमटेल.

धूर कशाचा? वर्गात उदबत्तीचा. गाडीचा घ्यायचा असेल तर मैदानात, मोठ्यांच्या देखरेखीखाली. बंद खोलीत किंवा जिन्याखाली इंजिन चालवणं जिवावर बेततं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तांब्याची ६ मिलिमीटरची नळी सायलेन्सरमध्ये ३० सेंटिमीटर सारा, पुढे तिची गुंडाळी थंड पाण्याच्या बादलीतून न्या, मग एक रिकामी बाटली ठेवा म्हणजे साचलेलं पाणी तिथे पडेल. चांगल्या स्थितीतल्या पेट्रोल गाडीचा डाग जवळपास दिसतच नाही, म्हणून एखादी जुनी डिझेल गाडी बघा. प्रत्येक वेळी तीन कागद : फिल्टरशिवाय, नुसता काथ्या, आणि कोळसा. प्रत्येक मोजणी तीनदा.

अशा प्रकल्पांत एक चूक हमखास दिसते. फिल्टरचं वजन आधी आणि नंतर करतात, आणि 'अर्धा ग्रॅम प्रदूषण पकडलं' असं फलकावर लिहितात. ३० अंशांवरच्या दमट हवेत घनमीटरला ३० ग्रॅम पाणी असतं, म्हणजे तुमच्या २० लिटरमध्ये ०.६ ग्रॅम. काजळी फार तर एखाद-दोन मिलिग्रॅम. वाढलेलं वजन पाण्याचं असतं. त्यामुळे वजन सोडा, कागदावरच्या डागावर भर द्या. एखाद्या पीयूसी केंद्रावर चार वायूंचं मशीन वापरू दिलं, तर पहिली दोन-तीन मिनिटं सोडून द्या, कारण कोरडा कोळसा सुरुवातीला थोडा कार्बन डायऑक्साइड धरतो. ऑक्सिजनचा आकडा १ वरून ४-५ वर गेला तर समजा, कुठेतरी गळती आहे आणि बाकीचे आकडे फुकट गेले. कार्बन मोनॉक्साइड आधी होता तेवढाच निघाला, तर घाबरू नका. तो तसाच निघायला हवा.

प्रयोगानंतरचा कोळसा बागेत किंवा चुलीत टाकू नका. पिशवीत बांधून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात द्या.

प्रश्न : पार्किंगमध्ये स्कूटरला पेट्रोलचा वास येतो. मेकॅनिक म्हणतो, सीटखालचा काळा डबा काढून टाकू, नळी मोकळी सोडू. हा डबा कसला?
– वाचक, इंदिरानगर

उत्तर : वरच्या सगळ्या पत्रांना जे हवं आहे, ते याच डब्यात आहे. हा कॅनिस्टर. त्यात ॲक्टिव्हेटेड कार्बन असतो, कुठे लाकडाच्या भुशाचा तर कुठे करवंटीचा. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतून निघणारी पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो, आणि गाडी चालू झाली की इंजिन त्यातून हवा ओढून ती वाफ जाळून टाकतं. कोळसा रोज भरतो, रोज रिकामा होतो. इथे वायू थंड आहे, संथ आहे आणि मोजका आहे, म्हणून हे जमतं.

डबा काढू नका. वासाचं कारण बहुतेक वेळा पंपावर सापडतं. नोझल आपोआप बंद झाल्यावरही 'अजून थोडं' म्हणून काठोकाठ भरलं, की पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं. भिजलेला कार्बन मग वाफ धरू शकत नाही. डबा हलवून बघा, आत खळखळलं तर भरलाय, बदलावा लागेल. नाही खळखळला, तर टाकीच्या झाकणाचं रबर आणि कॅनिस्टरच्या दोन्ही नळ्यांना चिरा आहेत का ते तपासा.

प्रश्न : जुना ३५ एचपीचा ट्रॅक्टर ब्लोअरला (औषध फवारणीच्या यंत्राला) लावला की काळा धूर ओकतो. सायलेन्सरचा पाइप पाण्याच्या ड्रममधून नेऊन पुढे कोळशाची टाकी लावली तर? कोळसा बागेच्या काड्यांचा घरचाच होईल.
– द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : पाण्यातून धूर नेण्याची कल्पना नवी नाही. जमिनीखालच्या खाणींत डिझेल यंत्रांना असे पाण्याचे हौद लावत, मुख्यतः ठिणग्या विझवायला आणि धूर गार करायला. पण अडीच लिटरचं इंजिन २००० फेऱ्यांवर मिनिटाला २५०० लिटर हवा ओढतं. एवढ्या धुराचे बुडबुडे मोठे होतात, काजळी बुडबुड्याच्या पोटात बसून पाण्यातून कोरडीच बाहेर पडते. जोराच्या कामात तासाला १५-२० लिटर पाण्याची वाफ होईल, ती पुढच्या कोळशात जाऊन बसेल. आणि धोका असा की इंजिन बंद केल्यावर पाइप गार होताना ड्रममधलं पाणी उलटं वर ओढलं जातं. ते उघड्या व्हॉल्व्हपर्यंत पोचलं आणि तुम्ही सेल मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजनही भरपूर असतो, त्यामुळे पाणी आटल्यावर गरम धुराने कोळशाची टाकी पेटू शकते. बागेत, तारांखाली, वाळल्या पाचोळ्यावर.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी ऑइल-बाथ एअर क्लिनरचा कप उघडा. छाटणीनंतरच्या धुळीत तो दोन दिवसांत गाळाने भरतो, म्हणून अशा दिवसांत रोज बघायचा. तेल खुणेइतकंच. जास्त भरलं की तेलच इंजिनात ओढलं जातं आणि काळ्याच्या जागी निळा धूर येतो. मग क्लिनर ते मॅनिफोल्डचं रबर तपासा. हे ठीक असेल तर इंजिनात डिझेल फवारणारी नोझल डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन दाब आणि फवारा बघून घ्या. थेंब गळणारी नोझल असेल तर धूर थांबायचा नाही. आणि मागच्या वेळी कोणी 'ताकद वाढवून देतो' म्हणून पंपाचा सील तोडून डिझेल वाढवलं होतं का, ते आठवा. जुन्या ट्रॅक्टरांत ही करामत बरीच सापडते. हे सगळं करून ब्लोअरवर एक गिअर खाली घेतलात, तर ड्रमच्या खर्चाच्या आत काम होईल. काड्या मात्र बारीक करून ओळीतच आच्छादन म्हणून टाका.

प्रश्न : माझी सीएनजी रिक्षा आहे. तिला कोळशाचा फिल्टर चालेल का?
– रिक्षाचालक, मुंबई नाका

उत्तर : गरज नाही. सीएनजीच्या धुरात काजळी जवळपास नसते, आणि न जळलेला मिथेन कोळसा धरत नाही. उलट १ किलो सीएनजी जळून सव्वादोन किलो पाणी होतं, कोळसा तासाभरात ओलाकिच्च. रिक्षातून निळसर धूर येत असेल तर तो इंजिन ऑइलचा आहे. पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्हचे सील बघून घ्या.

प्रश्न : आमचा फ्लॅट द्वारका चौकाजवळ, पहिल्या मजल्यावर. खिडकीत कोळशाच्या पिशव्या टांगल्या तर गाड्यांचा धूर कमी होईल का?
– वाचक, द्वारका

उत्तर : नाही. हवा पिशवीच्या आतून जात नाही, बाजूने जाते. बंद कपाटातला कुबट वास कोळसा ओढतो, उघड्या खिडकीतला चौक नव्हे. सूक्ष्म कणांसाठी पंखा आणि घड्यांचा बारीक फिल्टर असलेलं यंत्रच लागतं. त्यातला कार्बनचा थर वासापुरता.

तुमची कार असेल तर मात्र करवंटीच्या कार्बनचा उपयोग होतो. केबिन फिल्टर (कारच्या आत येणारी हवा गाळणारा) बदलताना पांढऱ्याऐवजी काळपट, कार्बनचा थर असलेला मागा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्याच्या कडेला हवेच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा बसला की कार्बनचा थर आधी धूळ खातो आणि लवकर चोंदतो. चौकात सिग्नलला उभं असताना बाहेरची हवा बंद ठेवा, उड्डाणपुलावर चढलात की पुन्हा चालू करा.